सेवा म्हटलं की विचार दिसेनासा होतो

रुग्णकेंद्री शुश्रूषेत परिचारिका विचार कसा करते, हा आजचा विषय. त्यासाठी मी एक न्यायालयीन निकाल वाचायला घेतलाय. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे युक्तिवाद कसा बांधलाय आणि कुठे सैल पडलाय, एवढंच मला बघता येतं.

निकाल आहे अरुणा शानबाग प्रकरणातला, ७ मार्च २०११चा, न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यानसुधा मिश्रा यांचा. इथून परळचं केईएम रुग्णालय तासा-दीड तासावर आहे. अरुणाताई तिथेच परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यानंतर १८ मे २०१५ला मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं अन्न थांबवू द्यावं, अशी याचिका पिंकी विराणी यांनी केली होती. ती फेटाळताना न्यायालय म्हणालं, की अरुणाताईंच्या वतीनं बोलायचा अधिकार विराणींचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे.

हा निष्कर्ष मला मान्य आहे. तक्रार आहे ती त्यामागच्या कारणाबद्दल. समर्पण आणि त्याग म्हणजे काय हे देशानं केईएमकडून शिकावं, असं निकाल म्हणतो, आणि लगेच सांगतो, की इतक्या वर्षांत अरुणाताईंना एकही बेडसोअर झाला नाही. आता बघा, ही दोन विधानं शेजारी ठेवली की वाटतं, माया होती म्हणून जखम झाली नाही. पण मायेनं बेडसोअर टळत नाही हो! घराघरांत मायेची माणसं असतात, तरी अंथरुणावरच्या आजीच्या पाठीला जखम होतेच.

मग तो टळतो कशानं? माकडहाड, टाचा, खुबे, जिथे हाड त्वचेच्या जवळ असतं तिथे दाब पडतो आणि रक्तपुरवठा अडतो. परिचारिका कूस बदलताना तिथे बघते. लाली दिसली तर बोटानं दाबते. लाली विरली, तर अजून वेळ आहे. विरली नाही, तर आत इजा सुरू झालीय. न्यायदर्शनातलं धूर आणि अग्नीचं उदाहरण आठवा. लाली हा हेतू, इजा हे साध्य. आणि इथे हेत्वाभासही असतो, कारण ती लाली ओलाव्यामुळे आलेलं नुसतं पुरळही असू शकते. शिवाय आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली पुष्कळदा दिसतच नाही. मग हात लावून बघायचं, ती जागा शेजारच्या जागेपेक्षा गरम आहे का, टणक लागते का. त्यावरून ठरवायचं, की दोन तासांनी कूस बदलणं पुरतंय का, आणि पुन्हा तपासायचं. नर्सिंगच्या पुस्तकात याला पाच पायऱ्या आहेत: निरीक्षण, परिचर्या-निदान, नियोजन, कृती, फेरतपासणी. हे अनुमान आहे. ते रोज, प्रत्येक पाळीत करावं लागतं.

चरकसंहितेत परिचारकाचे चार गुण सांगितलेत. पहिला आहे उपचारज्ञता, म्हणजे जाण. मग दक्षता, मग अनुराग, मग शुचिता. आपण अनुराग तेवढा लक्षात ठेवला आणि पहिला गुण विसरलो.

यात बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. कौतुकच केलंय ना? बिघडतं ते असं. अरुणाताईंना मासे आणि चिकन सूप आवडायचं, खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ व्हायच्या, लोक कमी झाले की शांत व्हायच्या, हे न्यायालयापुढे आलं होतं. पण जी व्यक्ती बोलू शकत नाही तिला अमुक 'आवडतं', हेही एक अनुमानच. उद्या कुणी विचारलं, की ही आवड नसून नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असेल, माया आंधळी असते, तुम्हाला हवं ते दिसतंय, तर? समर्पण हे त्यावर उत्तर होत नाही. समर्पणाची उलटतपासणी करता येत नाही. विचाराची करता येते. दुसरा पदार्थ दिला तेव्हा काय झालं? वेगवेगळ्या पाळीतल्या परिचारिकांना तेच दिसलं का? त्याची नोंद आहे का? हे प्रश्न विचारता आले तरच अनुमान टिकतं किंवा दुरुस्त होतं. म्हणजे सेवेच्या गौरवात केवळ परिचारिकेवर अन्याय होतो असं नाही. न बोलणाऱ्या रुग्णाचं एक संरक्षणही जातं.

आता उलट बाजूही सांगतो. पाच पायऱ्यांचा तक्ता छापला म्हणजे विचार झाला, असंही नाही. मी स्वतः एका रुग्णालयात दाखल होतो तेव्हा माझ्या फाईलमधल्या चार दिवसांच्या नोंदी शब्दशः सारख्या होत्या. 'रुग्ण शांत झोपला.' मी त्यातली एक अख्खी रात्र जागा होतो! सिस्टरना दोष देत नाही. एकेकीकडे इतके पेशंट होते, की बघायला वेळच नव्हता. पण विचाराला वेळ लागतो, हे मान्य केलं तरच त्यासाठी माणसं नेमली जातील. त्याग मात्र फुकट मिळतो असं आपण धरून चालतो.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी आपल्या माणसाच्या खाटेशी सिस्टर आल्या, तर 'तुम्ही किती करता हो' एवढ्यावर थांबू नका. विचारा, 'सिस्टर, तुम्हाला काय दिसतंय? आणि कशावरून?' त्यांना हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.