‘ग्रॅन टुरिस्मो’ पाहिला आणि मला माझा तिसरा चॅप्टर आठवला

मागच्या वेळी रिसर्च पेपर कसा वाचायचा यावर लिहिलं होतं. आज एका पिक्चरबद्दल लिहितोय. विषय सोडून चाललोय असं वाटेल, पण थोडं थांबा. पीएचडीला सिम्युलेशन किंवा मॉडेलिंग घ्यायचा विचार असेल तर हे तुमच्याच कामाचं आहे.

दिवाळीला मुरुडला गेलो होतो. माझा मामेभाऊ बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रेसिंगचा पक्का वेडा. कुठल्या वळणावर ब्रेक कधी मारायचा, पुढच्या चाकात हवा किती ठेवायची, कुठला ड्रायव्हर उगाच मोठा केलाय, सगळ्यावर त्याचं ठाम मत. सेकंडहँड स्टीअरिंग व्हील कॉम्प्युटरला जोडून तो रात्री बारा-एकपर्यंत गाडी पळवतो. यंदा त्याला नवीन, भारी व्हील पाहिजे होतं. सोबत पेडल आणि सीट. सगळं मिळून सोयाबीनच्या पट्टीतला मोठा घास. मामा म्हणाले, ‘‘तू शिकलेला हाईस, तूच सांग बाबा, ह्यात काय अर्थ हाय का.’’ आणि पुरावा म्हणून भावानं मला ‘ग्रॅन टुरिस्मो’ दाखवला.

नील ब्लोमकॅम्पनं दिग्दर्शित केलेला हा पिक्चर २०२३ चा. गोष्ट खऱ्या माणसाची आहे. यॅन मार्डनबरो हा ब्रिटनमधला पोरगा प्लेस्टेशनवर ‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळायचा. निसान आणि प्लेस्टेशन यांनी मिळून २००८ पासून ‘जीटी अकॅडमी’ नावाची स्पर्धा चालवली होती: गेममध्ये जिंका, मग खऱ्या ट्रॅकवर परीक्षा द्या, त्यातून निवडून आलात तर खरी रेसिंगची गाडी मिळेल. २०११ मध्ये यॅन तिथं जिंकला, वय १९. जानेवारी २०१२ मध्ये तो दुबईच्या चोवीस तासांच्या रेसमध्ये खऱ्या गाडीत बसलेला होता. हे सगळं खरं आहे आणि थक्क करणारं आहे. पिक्चर म्हणूनही तो कंटाळवाणा नाही. इंजिनचा आवाज, गाडीचे भाग सुटे होऊन पुन्हा जुळण्याची दृश्यं, बाप-लेकाची ओढाताण, सगळं जमलंय. यॅनच्या भूमिकेसाठीचं स्टंट ड्रायव्हिंग खुद्द मार्डनबरोनंच केलंय, ही तर मला फारच आवडलेली गोष्ट.

पण भावाचं म्हणणं होतं, ‘‘ह्यातून सिद्ध झालं की नाही, गेम खेळून ड्रायव्हर होता येतं?’’ ‘सिद्ध’ हा शब्द ऐकला की आपल्यासारख्यांचे कान टवकारतात. पिक्चर नेमकं काय सिद्ध करतो, ते बघू.

क्रम बदलला की निष्कर्ष बदलतो

पिक्चरमध्ये यॅनचा जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंग ट्रॅकवर भीषण अपघात होतो. चढ संपतो तिथं गाडीचं नाक उचललं जातं, खालून हवा शिरते, गाडी उडून कुंपणापलीकडं जाते आणि रेस बघायला आलेला एक माणूस मरतो. यॅन कोसळतो, गुरू त्याला सावरतो, मग ल मान्सच्या चोवीस तासांच्या रेसमध्ये तो गटात तिसरा येतो. अपघात, पश्चात्ताप, विजय. डोळ्यांत पाणी येतं.

खरा क्रम उलटा आहे. ल मान्सचं तिसरं स्थान २०१३ चं. अपघात २८ मार्च २०१५ चा, म्हणजे जवळपास दोन वर्षांनंतरचा. अपघात दाखवू नये असं माझं म्हणणं नाही. तो घडला होता, लपवला असता तर ते जास्त वाईट झालं असतं. पण तो उचलून यशाच्या आधी ठेवला की एका माणसाचा मृत्यू नायकाची पायरी बनतो. शिवाय गोष्टीचं तात्पर्यच फिरतं. पिक्चर सांगतो, ‘घसरला, शिकला, जिंकला.’ वास्तव सांगतं, ‘जिंकला, अनुभव मिळवला, तरीही एका चढावर गाडी उडाली.’ दुसरं वाक्य ऐकायला गोड नाही, पण शिकण्यासारखं त्यातच जास्त आहे. त्या अपघातानंतर न्युरबुर्गरिंगच्या काही भागांवर रेसमध्येसुद्धा वेगमर्यादा घातली गेली, आणि ट्रॅकची दुरुस्ती झाल्यावरच ती काढली. म्हणजे प्रश्न एका पोराच्या हिमतीचा नव्हता. गाडी, हवा आणि रस्त्याचा आकार यांच्या गणिताचा होता.

इथंच मला माझा तिसरा चॅप्टर आठवला. माझं काम काळ्या मातीतल्या ओलाव्याच्या मॉडेलवर आहे. पाऊस पडला की पाणी वरून खाली किती वेळात मुरतं, हे मॉडेल सांगतं. शेतात चार खोलींवर सेन्सर लावले होते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सगळ्यात खालचा सेन्सर मधल्या दोघांच्या आधी ओला झाला. मॉडेलनुसार हे शक्यच नव्हतं. मी ती तीन रीडिंग ‘सेन्सर बिघाड’ म्हणून काढून टाकली. आलेख इतका सुंदर जुळला की मी तो मित्रांना पाठवला. गाइडनं एकच प्रश्न विचारला, ‘‘सेन्सर बिघडला होता हे तपासलंस, की ठरवलंस?’’

परत शेतात गेलो. उन्हाळ्यात काळ्या रानाला कशा भेगा पडतात, हे मराठवाड्यातल्या पोराला सांगायला लागत नाही. हात जाईल एवढ्या भेगा. पावसाचं पाणी भेगेतून थेट खाली उतरलं होतं. सेन्सर बरोबर होता. भेग माझ्या मॉडेलमध्येच नव्हती. चॅप्टर नव्यानं लिहिला, सहा महिने गेले. पण आज थिसिसमध्ये सांगण्यासारखं जे काही आहे, ते त्या तीन रीडिंगमध्येच आहे. पिक्चरवाल्यांनी तारखा हलवल्या, मी रीडिंग हलवली. मोह दोघांचा एकच.

जिंकलेले मोजले, हरलेले कुठं गेले?

दुसरा मुद्दा निवडीचा. यॅन जिंकला त्या वर्षी सुमारे ९०,००० जण स्पर्धेत उतरले होते. एवढ्या जणांना गाळून एक काढला आणि तो चांगला निघाला. यातून ‘गेमनं ड्रायव्हर घडतो’ हे सिद्ध होतं, की ‘गेमच्या चाळणीतून जात्याच तयार असलेला पोरगा सापडतो’ हे? दोन्ही शक्य आहेत, आणि एवढ्या माहितीवरून त्यांच्यात निवड करता येत नाही. शिवाय गेम आणि रेस यांच्या मधे खऱ्या ट्रॅकवरचं प्रशिक्षण होतं. मग श्रेय कुणाला द्यायचं?

आणखी एक गोष्ट पिक्चर गुपचूप बदलतो. ल मान्सला यॅनच्या गाडीत तिघंही गेममधून आलेले पोरं दाखवलेत. प्रत्यक्षात त्याच्यासोबत लुकास ऑर्डोनेझ होता, तो जीटी अकॅडमीचा पहिला विजेता. आणि तिसरा होता मिखाएल क्रुम, अनुभवी व्यावसायिक जर्मन ड्रायव्हर. प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर निकालावर परिणाम करणारा एक मोठा घटक टेबलमधून काढून टाकलाय. क्रुमला ठेवलं असतं तर गोष्ट थोडी फिकी झाली असती, पण खरी राहिली असती.

गेमच्या आत काय असतं

आता गेमकडं येऊ. भाव पिक्चरपेक्षा गेमवर जास्त विश्वास ठेवतो, आणि त्यात तथ्य आहे. ड्रायव्हिंग सिम्युलेटरचा जीव टायरच्या मॉडेलमध्ये असतो. यातलं सगळ्यात प्रसिद्ध मॉडेल डच प्राध्यापक हान्स पासेका आणि सहकाऱ्यांचं, १९८० च्या दशकातलं. त्याचं नावच ‘मॅजिक फॉर्म्युला’. वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातो, त्यात थोडा कोन पडतो. हा कोन वाढला की सुरुवातीला पकड वाढते, काही अंशांनंतर शिखर येतं, मग पकड कमी होते. हा वक्र साइन आणि आर्कटॅन वापरून फार सुबक बसवता येतो. ‘मॅजिक’ अशासाठी की समीकरणाचं हे रूप कुठल्या मूलभूत नियमातून निघालेलं नाही. मोजमापांवर ते छान बसतं, म्हणून वापरतात. आणि मोजमापं ज्या टायरची, ज्या पृष्ठभागावरची, तिथंच ते भरवशाचं. लातूर-बार्शी रस्त्यावर ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी आणलेला चिखल डांबरावर पसरलेला असतो, मधेच उसाची कांडकी पडलेली असतात. तिथला वक्र कुणी मोजलाय?

सेटअपचंही तसंच. गेममध्ये भाऊ पुढचा अँटी-रोल बार थोडा कडक करतो, गाडी वळणात सरळ जायला बघते. ढिला करतो, नाक आत वळतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं स्थिर. प्रयोगाचा पहिला धडा तो आपोआप शिकलाय. पण गेममध्ये ‘रीसेट’ दाबलं की टायर नवे होतात आणि ऊनसुद्धा जागेवर येतं. खऱ्या ट्रॅकवर लॅपमागून लॅप टायर झिजतात, हवा तापून दाब वाढतो, इंधन जळून गाडी हलकी होते. वेळ अर्ध्या सेकंदानं सुधारली, तर ती बार बदलल्यामुळं की टाकी रिकामी झाल्यामुळं? हा प्रश्न गेम विचारतच नाही.

मोठ्यांचंही हेच होतं. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनचे नियम बदलले आणि गाडीखालच्या हवेनं गाडी रस्त्याला चिकटवायची पद्धत परत आली. जगातले भारी सिम्युलेटर आणि विंड टनेल असलेले संघ फेब्रुवारीत बार्सिलोनाला चाचणीसाठी उतरले, आणि सरळ रस्त्यावर गाड्या टणाटण उड्या मारायला लागल्या. एक कारण असं की नियमानुसार विंड टनेलमध्ये गाडीची ६० टक्के आकाराची प्रतिकृतीच चालते आणि हवेचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या पुढं नेता येत नाही. उड्या सुरू व्हायच्या त्याहून कितीतरी जास्त वेगाला. गंमत म्हणजे हा त्रास नवा नव्हता. १९७९ च्या लोटस ८० गाडीनं तो भोगला होता. लिटरेचर रिव्ह्यू कशाला करायचा, असं विचारणाऱ्यांना मी आता हेच उदाहरण देतो.

मग गेम फालतू का?

नाही. इथं मला भावाची बाजू घ्यावी लागते. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये सलून गटाचं विजेतेपद मिळवलं. पुरुषांच्या बरोबरीनं उतरून, आणि शर्यत चेन्नईजवळच्या ट्रॅकवर. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० मध्ये फॉर्म्युला टूची रेस जिंकला. तो कार्टिंगमधून वर आला, २०११ च्या ‘वन फ्रॉम अ बिलियन’ शोधात निवडला गेलेल्यांपैकी एक. या वाटेवर पहिल्या दिवसापासून टायर, पेट्रोल, प्रवास, सगळ्याला पैसा लागतो. मुरुडच्या पोराला तो ट्रॅक पाठ करायचा असेल, कुठं ब्रेक, कुठं नजर, हे हजार वेळा करून बघायचं असेल, तर गेमशिवाय दुसरी वाट नाही. सराव स्वस्त करणं ही लहान गोष्ट नव्हे. पिक्चरचा जीव इथं आहे आणि तिथं तो खरा आहे.

फक्त सराव म्हणजे शोध नव्हे. आपण लातूर पॅटर्नची पोरं. रविवारी मॉक टेस्ट, सोमवारी रँक, चुकलेले प्रश्न पुन्हा. मॉक टेस्ट हाही एक सिम्युलेटर आहे, आणि परीक्षेसाठी तो उत्तम चालतो, कारण परीक्षाही त्याच साच्याची असते. रिसर्चला आन्सर की नसते. त्यामुळं आपल्याकडची हुशार पोरं पीएचडीच्या पहिल्या वर्षी गडबडतात, मीही गडबडलो. उत्तर जुळलं की काम संपलं, ही सवय हाडात भिनलेली असते. इथं उत्तर जुळलं नाही की काम सुरू होतं.

मामांना मी सांगितलं, नवं व्हील यंदा नको, जुनं चालतंय. त्यातले थोडे पैसे ठेवून पोराला एकदा खऱ्या कार्टिंग ट्रॅकवर नेऊन आणा. भाऊ फुगला. ‘‘दादा, तू उगंच किस पाडलालास.’’

दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत ट्रॅक्टरवर गेलो. मागं भरलेली ट्रॉली. उतार लागायच्या बराच आधी त्यानं गिअर खाली टाकला. मी विचारलं, एवढ्या लवकर का? म्हणाला, ‘‘उताराला ब्रेक मारला की ट्रॉली मागून ढकलती. बुडाला कळतंय ते.’’ मी म्हटलं, हे तुझ्या गेममध्ये आहे का? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘न्हाई. आणि त्यात सीट हलतबी न्हाई.’’

तुमच्या मॉडेलमध्ये काय नाही, याची यादी पहिल्याच दिवशी वहीत लिहा. माझ्या यादीत आता पहिल्या ओळीवर ‘भेगा’ लिहिलंय.