शौचाच्या नमुन्यात जंतू सापडला. पुढे काय?

जुलाबाच्या रुग्णाचा शौचाचा नमुना लॅबमध्ये आला, प्लेटवर शिगेला वाढला, रिपोर्ट गेला. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये काम इथे संपतं. पण हाच जंतू आजाराचं कारण होता का, हा प्रश्न तसाच राहतो. तो कसा हाताळायचा हे शिकायचं असेल तर दोन पेपर जोडीने वाचा. दोन्ही ‘द लॅन्सेट’मधले आणि दोन्ही एकाच अभ्यासाचे: ग्लोबल एन्टरिक मल्टिसेंटर स्टडी, ज्याला सगळे ‘जेम्स’ म्हणतात.

पहिला पेपर २०१३चा. आफ्रिका आणि दक्षिण आशियातली सात केंद्रं, त्यात आपलं कोलकाताही. मध्यम ते तीव्र जुलाब असलेली पाच वर्षांखालची ९,४३९ मुलं, आणि तुलनेसाठी त्याच वस्त्यांमधली, जुलाब नसलेली १३,१२९ मुलं. जुलाबाच्या ८३ टक्के मुलांत किमान एक संशयित रोगकारक सापडला. आता दुसरा आकडा बघा: जुलाब नसलेल्या मुलांतही हे प्रमाण ७२ टक्के होतं!

कंट्रोल गट घेतला नसता तर ८३ टक्के हा आकडा ‘कारण सापडलं’ म्हणून छापला गेला असता. लेखकांनी तुलना करून कोणत्या जंतूला किती जुलाबांचं श्रेय द्यायचं ते काढलं. रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, एसटी विष बनवणारा ई. कोलाय आणि शिगेला हे चार पुढे आले. या पेपरची खरी ताकद ही मांडणीच आहे.

कच्चा दुवा आहे कल्चर. शिगेला नाजूक असतो. नमुना वेळेत ट्रान्सपोर्ट माध्यमात गेला नाही किंवा मुलाने आधीच अँटिबायोटिक घेतलं असेल, तर तो वाढतच नाही. कॅम्पायलोबॅक्टरला कमी ऑक्सिजन लागतो, आणि तो साधारण ४२ अंशांवर वाढवतात. त्यामुळे ‘निगेटिव्ह’चा अर्थ फक्त ‘वाढला नाही’ एवढाच घ्यायचा.

२०१६च्या पेपरने हेच दुखणं धरलं. जपून ठेवलेल्या नमुन्यांतून जुलाब झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या ५,३०४ जोड्या घेऊन क्वांटिटेटिव्ह पीसीआर केली. कारण लावता येणारे जुलाब ५१.५ टक्क्यांवरून ८९.३ टक्क्यांवर गेले. शिगेलाचा वाटा साधारण दुप्पट होऊन तो पहिल्या क्रमांकावर आला. इथे कळीचा शब्द ‘क्वांटिटेटिव्ह’ आहे. पीसीआर इतकी संवेदनशील, की जंतू निरोगी मुलांतही सापडणारच. म्हणून ‘आहे की नाही’ यापेक्षा ‘किती आहे’ याला वजन दिलं गेलं.

तरी माझे तीन आक्षेप आहेत.

एक, किती प्रमाण असेल तर जुलाबाशी संबंध मानायचा, हे याच मुलांच्या आकडेवारीतून ठरलं. जिथे निरोगी मुलांत हे जंतू क्वचितच असतात, तिथे तोच हिशोब लागू पडेल असं गृहीत धरू नका.

दोन, शिगेलासाठी शोधलेलं आयपीएएच जनुक आतड्याच्या पेशींत घुसणाऱ्या ई. कोलायमध्येही असतं. पेपरमध्ये ‘शिगेला किंवा ईआयईसी’ असं लिहिलंय. आपण बोलताना दुसरं नाव गाळतो.

तीन, आणि हा मला सगळ्यात मोठा वाटतो: पीसीआरमधून जिवंत जंतू हाती येत नाही. मग कोणतं अँटिबायोटिक चालेल हे त्या जंतूवर तपासणार कसं? औषधांना दाद न देणारा शिगेला वाढत असताना, ‘पीसीआर आली, आता कल्चर बंद’ हा धडा कोणी घेतला तर तो महागात पडेल. कोणती लस आधी हवी हे ठरवायला हा पेपर उत्तम आहे. समोरच्या आजारी मुलाला काय द्यायचं, याचं उत्तर त्यात नाही. ८९.३ हा सगळ्या मुलांचा मिळून आकडा आहे, एका मुलाचं निदान नव्हे.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा हे तपासा: माझ्याकडे निरोगी लोकांचे नमुने आहेत का? नमुना लॅबपर्यंत किती तासांत आणि कशात येतो? माझी चाचणी जंतू दाखवते, जनुक दाखवते की जिवंत जंतू हातात देते? गाइड हे विचारतीलच. त्याआधी तुम्हीच विचारलेलं बरं.