कातळावरचा गेंडा घड्याळ नव्हे

महाड तालुक्यातल्या तळीयेसारख्या गावात बसून एखादा शिक्षक कोकणच्या कातळशिल्पांवरचे लेख वाचतो, तेव्हा त्याच्या मनात दोन प्रश्न येतात. ही चित्रे खरेच दहा हजार वर्षांची आहेत का? आणि आमच्या डोंगरांत ती का नाहीत? बहुतेक लेख पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार लवकर देऊन टाकतात आणि दुसरा प्रश्न विचारतच नाहीत. विज्ञान शिकवणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टींची तक्रार केली पाहिजे.

आधी श्रेय द्यायला हवे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकुरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रत्नागिरी-राजापूरकडचे सडे पायी तुडवले, गावकऱ्यांना विचारत विचारत शेकडो आकृत्या नोंदवल्या. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ ही स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. हे सारे डोळ्यांनी पाहता येते, टेपने मोजता येते. याविषयी वाद नाही.

वाद आहे तो वयाविषयी. कुठे १०,००० वर्षे छापून येते, कुठे १२,०००, कुठे २०,०००. एवढी तफावत पाहून वाचकाने थबकायला हवे. हे आकडे आले कुठून? कातळात खोदलेल्या रेषेत कोळसा किंवा हाड नसते, त्यामुळे कार्बन-१४ पद्धत तिला थेट लावता येत नाही. मग लेखक चित्रातल्या प्राण्यांकडे वळतात. गेंडा आज कोकणात नाही, म्हणून चित्र अतिप्राचीन. शेतीचे चित्र नाही, म्हणून चित्रकार शेतीपूर्व काळातला शिकारी.

ही दोन्ही अनुमाने तपासून पाहू. गुजरातेत लांघणज येथील मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचे हाड मिळाले आहे. पण चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही गेंडा स्पष्ट कोरलेला आहे, आणि सोळाव्या शतकात बाबराने पेशावरकडे गेंड्याची शिकार केल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे कातळावरचा गेंडा फार तर एवढेच सांगतो की कोरणाऱ्याला गेंडा ठाऊक होता. तो कोणत्या शतकातला, हे तो सांगत नाही. पाणघोड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. भारतातले पाणघोडे हिमयुगाच्या अखेरीच्या सुमारास नाहीसे झाले, तेव्हा आकृती पाणघोड्याचीच असेल तर पुरावा बळकट होईल. पण रेषांनी काढलेला तो जाड देह पाणघोड्याचाच, हे कशावरून? ‘चित्र जुने आहे, म्हणून तो पाणघोडा; आणि तो पाणघोडा आहे, म्हणून चित्र जुने’ असे म्हणणे म्हणजे वर्तुळात फिरणे झाले.

शेतीचा युक्तिवाद तर त्याहून लंगडा आहे. वर्गात मुलांना आवडीचे चित्र काढायला सांगा. भातलावणीत दरवर्षी चिखल तुडवणारी मुलेही वाघ आणि विमान काढतील. माणूस रोज जे करतो तेच कोरतो असा नियम नाही.

यावरून चित्रे अलीकडची ठरतात, असे मात्र कोणी समजू नये. ती दहा हजार वर्षांची असतीलही. मुद्दा असा, की हा पुरावा तेवढे ओझे पेलत नाही. पेलू शकेल असा पुरावा कसा असतो? एखादी आकृती अर्धी मातीखाली असेल आणि त्या मातीच्या अबाधित थरात कोळसा सापडला, तर कोरीव रेषा त्या कोळशाआधीची, असे तिचे किमान वय ठरते. महाडजवळची गांधारपाले लेणी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराची आहेत असे आपण म्हणतो, कारण तिथे ब्राह्मी शिलालेख आहे आणि अक्षरांच्या वळणाचा कालक्रम माहीत आहे. सड्यावर असे अक्षर नाही. हा फरक मुलांना लेण्यात उभे करूनच समजावता येईल.

आता दुसरा प्रश्न. रत्नागिरीचा सडा म्हणजे जांभ्याचे उघडे, जवळजवळ सपाट पठार. तिथे कोरलेली रेषा जागेवर राहते आणि गवत वाळले की दिसते. तळीयेच्या भोवती बेसाल्टचे तीव्र उतार आहेत. खडक कुजून मुरूम-माती होते, तिच्यात पावसाचे पाणी मुरते आणि उतार सुटतो. २२ जुलै २०२१ रोजी असाच डोंगर तळीयेवर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. जो उतार गावालाच जागेवर राहू देत नाही, तो हजारो वर्षांची रेषा कशी सांभाळेल? शिवाय रत्नागिरीत जसा शोध झाला तसा इथे झालेला नाही. म्हणून ‘इथे कातळशिल्पे नाहीत’ असे न म्हणता ‘इथे सापडलेली नाहीत’ असे म्हणावे. या दोन वाक्यांतले अंतर मुलाला कळले, तर वर्षभराचे विज्ञान शिकवून झाले.

शोधायला जरूर जावे. पण दिवाळीनंतर, सपाट उघड्या कातळावर, गुराख्यांना विचारून. पावसाळ्यात उतारावर मुलांना नेऊ नये. कोवळ्या किंवा कलत्या उन्हात उथळ रेषाही उठून दिसते. सापडलेल्या रेषेत खडू भरू नये. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यावा, उत्तर दिशा आणि मापे लिहावीत आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. चिरेखाणी आणि रस्ते सडे खात चालले आहेत, तेव्हा अशी नोंद हाच पुढे एखाद्या आकृतीचा एकमेव पुरावा उरू शकतो.

वहीत तीन रकाने आखावेत : काय दिसले, त्यावरून काय वाटते, ते चुकीचे ठरवायला काय सापडावे लागेल. कातळशिल्पांवरच्या लेखांत तिसरा रकाना बहुधा कोराच असतो. तो भरायची सवय आपल्या मुलांना लागो.