शिस्तभंगाची शिक्षा : संघाला की दोषीला? – कोल्हापूरच्या फुटबॉलच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
कुस्तीप्रमाणेच फुटबॉल ही कोल्हापूरची ओळख होय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या नियंत्रणाखाली छत्रपती शाहू स्टेडियमवर खेळतात, तेव्हा मैदानात अकरा खेळाडू असले तरी गॅलरीत अवघी पेठ उतरलेली असते. या ईर्षेतून हुल्लडबाजी वा पंचांशी हुज्जत घडली की संघावर बंदीची मागणी होते. अशी शिक्षा नेमकी कोणाला भोगावी लागते, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

अमेरिकेतील अनुभव :
अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हा निराळा खेळ असला तरी शिक्षेचा प्रश्न तेथे सर्वांत तीव्र स्वरूपात दिसतो. खेळाडूंना गुप्तपणे पैसे दिल्याबद्दल राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने (एनसीएए) सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा 1987 चा संपूर्ण हंगाम रद्द केला. 1989 मध्ये संघ मैदानात परतला. परंतु विजयांची संख्या पराभवांहून अधिक असलेला हंगाम पाहण्यास 1997 उजाडले. याउलट, ही देयके चालू ठेवण्यास संमती देणारे नियामक मंडळाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स 1991 पर्यंत टेक्सासचे गव्हर्नर राहिले. निर्णय एका पिढीचा आणि शिक्षा दुसऱ्या पिढीला, असे या प्रकरणाचे स्वरूप आहे.

प्रशिक्षक सँडस्कीच्या बाललैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात पेन स्टेट विद्यापीठाला 2012 मध्ये 6 कोटी डॉलर दंड व हंगामोत्तर सामन्यांवर चार वर्षांची बंदी झाली. 112 विजयही रद्द ठरले. नेहमीची चौकशीप्रक्रिया बाजूला ठेवून दिलेली ही शिक्षा टिकली नाही. 2014 मध्ये बंदी उठली व 2015 मध्ये विजय परत मिळाले. कठोरतेला कार्यपद्धतीचा आधार नसेल तर ती केवळ क्षणिक समाधान देते, हे यावरून स्पष्ट होते.

भारतीय अनुभव :
9 डिसेंबर 2012 रोजी ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यात मोहन बागानचा संघ उत्तरार्धात मैदानात उतरला नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने प्रथम बंदी घातली. मात्र जानेवारी 2013 मध्ये ती मागे घेऊन 2 कोटी रुपये दंड केला आणि त्या हंगामात तोवर मिळवलेले गुण रद्द केले. मार्च 2023 मध्ये केरळ ब्लास्टर्सचा संघ सामना सोडून गेला, तेव्हा क्लबला 4 कोटींचा दंड व जाहीर माफीचा आदेश झाला आणि प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी आली. येथे निर्णय घेणारी व्यक्ती शिक्षेच्या कक्षेत आली, ही बाब महत्त्वाची आहे.

कोल्हापूरच्या संदर्भात :
तथापि हे प्रतिमान जसेच्या तसे कोल्हापूरला लागू पडत नाही. तालीम ही कंपनी नव्हे. ती पेठेच्या आधारावर उभी असलेली संस्था आहे. मोठा दंड केल्यास तो हुल्लडबाजाच्या नव्हे, तर पेठेतील सामान्य माणसाच्या खिशातून जातो. संघावर हंगामभर बंदी घातल्यास महाविद्यालयात शिकत तालमीकडून खेळणाऱ्या तरुणाचे एक वर्ष वाया जाते. खेळाडूच्या उमेदीची वर्षे मोजकीच असतात. ती दंडाप्रमाणे परत करता येत नाहीत.

म्हणून तालमीला मोकळे सोडावे, असा मात्र याचा अर्थ नाही. समर्थकांच्या वर्तनासाठी क्लबला जबाबदार धरण्याचे तत्त्व फिफाच्या शिस्तसंहितेत मान्य आहे. महानगरातील क्लबला आपला प्रेक्षक अनोळखी असतो. तालमीला तो नावानिशी ठाऊक असतो. त्यामुळे दोषींना ओळखून पुढे करण्याचे दायित्व तालमीवर टाकणे अन्यायाचे ठरत नाही. ते टाळल्यास गुणकपात, प्रेक्षकांविना सामना व पदाधिकाऱ्यांवर वैयक्तिक बंदी, अशा चढत्या क्रमाने शिक्षा असावी.

निष्कर्ष :
क्रीडासंघटना आपल्याच सदस्यांची न्यायाधीश असते. त्यामुळे शिक्षेचे निकष हंगामापूर्वी लेखी जाहीर होणे, चौकशी व अपील यांसाठी स्वतंत्र समित्या असणे आणि बलाढ्य व दुर्बळ संघांना समान न्याय मिळणे अगत्याचे आहे. शिक्षेचे मोल तिच्या कठोरतेत नसून ती योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचण्यात आहे. अन्यथा गॅलरीतून दगड भिरकावणारा पुढील हंगामातही गॅलरीतच बसेल आणि मैदानाबाहेर राहील तो खेळाडू.