विवस्त्रता आणि सवस्त्र साक्षी

पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेल्या मोरोपंतांनी भागवताच्या दशमस्कंधावर ‘कृष्णविजय’ रचला. गोपीवस्त्रहरणाची कथा याच स्कंधाच्या बाविसाव्या अध्यायातील. यमुनेत विवस्त्र स्नान करणाऱ्या गोपींची वस्त्रे घेऊन कृष्ण कदंबावर चढतो. हातांनी अंग झाकीत त्या बाहेर येतात, तेव्हा व्रतस्थ असता नग्न स्नान केल्याचा दोष दाखवून तो त्यांस हात जोडावयास लावतो. या प्रसंगातील अध्यात्मरूपक टीकाकारांनी पुष्कळ उकलले आहे. परंतु तीरावरचा साक्षी सवस्त्र आहे, ही साधी गोष्ट त्यात झाकली जाते. पाण्यात परस्परांसमोर नि:शंक असलेल्या गोपी संकोचतात त्या या साक्षीमुळे.

युरोपातील नग्नवसाहतींच्या प्रथमभेटीची वर्णने या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. हांबुर्गजवळ पाउल झिमरमान यांनी १९०३ साली असे उद्यान उघडले. फ्रान्सच्या लव्हाँ बेटावर द्यूरव्हील या वैद्यबंधूंनी १९३१ मध्ये वसाहत स्थापिली. (या चळवळीस ‘निसर्गवाद’ म्हणणे सोयीचे नाही; ते नाव मराठी समीक्षेने झोलाच्या संप्रदायास आधीच देऊन टाकले आहे.) अशा वर्णनांचा साचा बहुधा एकच असतो. नवागत शेवटचे वस्त्र उतरविताना अडखळतो आणि थोड्याच वेळात त्यास उमगते की, त्या मेळ्यात विजोड दिसत होता तो वस्त्रे ल्यालेला आपणच. तेथे तीरावर कोणी उरत नाही.

नग्नतेचे दर्शन मराठी वाचकास अपरिचित नाही. करवीर परिसरात तर नाहीच. कुंभोजची बाहुबलीची अठ्ठावीस फुटी मूर्ती, रस्त्याने अनवाणी विहार करणारे दिगंबर मुनी, नृसिंहवाडीस होणारा दत्ताचा ‘दिगंबर’ नामाचा घोष, हे सारे नित्याचे आहे. परंतु तेथे विवस्त्र एक, आणि वंदन करणारे सवस्त्र. ती नग्नता परिग्रहाचा अंत आहे. सहवासाचा आरंभ नव्हे.

समानांची नग्नता महाराष्ट्रात अवतरली ती पन्हाळ्यासारख्याच एका थंड हवेच्या ठिकाणी, माथेरानला, आणि हांबुर्गच्या बारा वर्षे आधी. मुंबई इलाख्यातील जिल्हा न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी १८९१ मध्ये ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ स्थापिली आणि तिचे वृत्त एडवर्ड कार्पेंटर यांस पत्रांनी कळविले. सभासद तीन: क्रॉफर्ड आणि एका मिशनऱ्याचे दोन पुत्र. क्रॉफर्ड यांची रत्नागिरीस बदली झाली, संघ मोडला. १८९४ मध्ये ते निवर्तले. साक्षी त्यांनी दूर ठेवला खरा, पण त्याबरोबर भोवतालचा समाजही.

र. धों. कर्वे यांनी याच्या उलट केले. ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७ ते १९५३) मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रे छापून त्यांनी प्रश्न थेट समाजापुढे मांडला. देहाविषयीची लज्जा तर्काने घालविता येईल, ही त्यांची श्रद्धा. त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. साधनाची मर्यादा मात्र मान्य करणे प्राप्त आहे. मुखपृष्ठ पाहणारा सवस्त्रच राहतो, आणि बव्हंशी एकटा असतो. शिवाय चित्रे प्रामुख्याने स्त्रीदेहाची. विवेकवादी कर्व्यांचा वाचक अशा रीतीने पुन्हा यमुनेच्या तीरावरच, कदंबाखाली, येऊन उभा राहिला.