करडे पात्र आणि मराठी सर्वनाम

अंतराळातील साहसकथांवर आधारलेल्या अ‍ॅनिमेशन मालिकांची चर्चा करताना ‘करडी पात्रे’ ही संज्ञा मराठीत योजली जाते. इंग्रजी संज्ञेचा हा शब्दशः अनुवाद होय. परंतु ‘करडी नजर’, ‘करडी शिस्त’ या प्रयोगांतून मराठी भाषकास रंगापेक्षा कठोरतेचाच बोध होतो. अडचण केवळ शब्दापुरती नाही. पांढऱ्यात काळे मिसळले की करडे होते, या रूपकामुळे पात्राच्या गुणांतून दोष वजा करणे हेच समीक्षेचे कार्य होय, असा समज बळावतो. हा समज एका प्रसिद्ध उदाहरणावर तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ‘मोबाइल सूट गंडम’ ही ४३ भागांची जपानी मालिका १९७९-८० मध्ये प्रक्षेपित झाली. पृथ्वीचे संघराज्य आणि अंतराळातील वसाहतींपैकी स्वतंत्र झालेले ‘झिऑन’ राज्य यांच्या युद्धाची ही कथा. युद्धाच्या आरंभीच निम्मी मानवजात नष्ट झाली आहे. त्यामुळे कोणत्याही पक्षाला निष्कलंक म्हणवून घेण्याची सोय कथेने ठेवलेलीच नाही.

शत्रुपक्षातील दोन पात्रे येथे तुलनेस घेता येतात. राम्बा राल हा अनुभवी सेनानी पोरवयाच्या आमुरोशी वाळवंटातील भोजनगृहात वडीलकीने वागतो आणि पुढे रणांगणावर त्याच्याशीच लढतो. तो सज्जन आहे. त्याची बाजू तेवढी चुकीची आहे. अशा पात्रास शोकात्म म्हणता येईल, संदिग्ध नव्हे. शार अझ्नाबलची गोष्ट निराळी. राज्याच्या संस्थापकाचा हा पुत्र पित्याच्या मृत्यूबद्दल झाबी घराण्यास जबाबदार धरतो आणि नाव बदलून त्यांच्याच सैन्यात शिरतो. दहाव्या भागात तो आपला सहाध्यायी मित्र गार्मा झाबी यास फसवून मृत्यूच्या तोंडी देतो. पित्याच्या मृत्यूसमयी गार्मा बालक होता. त्याचा अपराध जन्माखेरीज दुसरा नाही. शारचे दुःख खरे आहे, आणि त्या दुःखाच्या आधारे त्याने केलेला विश्वासघातही तितकाच खरा आहे. या दोहोंची वजाबाकी होत नाही.

शारची कथा मराठीत सांगावयाची झाल्यास निवेदकासमोर एक व्याकरणिक प्रश्न उभा राहतो. पुरुषपात्राचा उल्लेख करताना ‘तो’ की ‘ते’, ‘आला’ की ‘आले’, याची निवड मराठीत टाळता येत नाही. भीष्म ‘आले’, रावण ‘आला’, असे म्हणताना निवाडा क्रियापदातच झालेला असतो. परंतु एकवचन नेहमी अनादराचेच असते असे नाही. विठ्ठलही विटेवर ‘उभा’ असतो, ‘उभे’ नसतात. तुच्छता आणि जिव्हाळा या दोन टोकांच्या वृत्तींसाठी मराठीने एकच रूप वापरले आहे. कर्णाविषयी बोलताना योजलेला ‘तो’ या दोहोंपैकी कोणता, हे पुष्कळदा वक्त्यासही सांगता येणार नाही.

हे या भाषेचे सामर्थ्य आहे आणि धोकाही. गार्माच्या मृत्यूच्या प्रसंगी शारसाठी आलेला ‘तो’ धिक्काराचा असतो. पुढे त्याच्या पित्याची हकीकत कळते आणि तोच ‘तो’ जिव्हाळ्याचा होतो. रूप बदलत नसल्यामुळे निवाडा बदलल्याचे श्रोत्याच्या ध्यानातही येत नाही. कारण सांगितले जाते आणि समर्थन केल्यासारखे होते.

लोहारा ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील तेर येथील संत गोरा कुंभार यांची आख्यायिका या संदर्भात आठवावी. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडविताना त्यांच्या पायांखाली स्वतःचे मूल चिरडले गेले. लोकमानसाने त्यांना ‘गोरोबाकाका’ म्हणून वडीलपणाचा मान दिला. परंतु मुलाची हकीकत वगळली नाही. पत्नीचा आक्रोश कथेत राहिला, तिने घातलेली विठ्ठलाची शपथ राहिली, आणि शपथ मोडली म्हणून स्वतःचे हात तोडून घेणेही राहिले. शेवटी मूल व हात परत मिळतात, पण मधला हिशेब पुरा सांगितल्यावरच. येथे आदर आणि अपराध शेजारी नांदतात. एकाने दुसरा पुसला जात नाही.

‘गंडम’चे श्रेष्ठत्व याच कसोटीवर ठरते. अखेरच्या भागात किसिलिया झाबीस ठार करताना शार तो प्रहार गार्माला वाहतो. सूड पूर्ण होत असताना ज्याचा बळी घेतला त्याचेच नाव त्याच्या मुखी यावे, यातून त्याचा हिशेब मिटला नसल्याचे कथा स्वतःच दाखवून देते. याउलट १९८८ च्या ‘शार्स काउंटरअटॅक’ या चित्रपटात तो पृथ्वीवर लघुग्रह पाडावयास निघतो. तेथे मरणाऱ्या असंख्यांपैकी एकालाही गार्माइतका चेहरा मिळत नाही, आणि शारच्या खाजगी दुःखास मात्र पुरेसा अवकाश मिळतो. परिणामी पात्राची भव्यता वाढते आणि नैतिक ताण ओसरतो.

तात्पर्य, नैतिक संदिग्धता ही पात्राच्या स्वभावातील रंगांच्या मिश्रणात नसून निवेदनाच्या प्रामाणिकपणात असते. अपराध्याची वेदना सांगत असताना ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव कथेच्या स्मरणात राहते की नाही, हे पाहणे समीक्षकाचे पहिले कर्तव्य होय. ‘करडे’ हे विशेषण त्यानंतर लावले काय, न लावले काय, फारसा फरक पडत नाही.