पाणीमहालाचा गारवा आणि सामायिक उष्णताजाल

नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहालाचे वर्णन करताना 'नैसर्गिक वातानुकूलन' हा शब्द अलीकडे सहज योजिला जातो. त्याच ओघात या वास्तूला आजच्या सामायिक उष्णताजालांची पूर्वज ठरविण्याचा मोहही होतो. ही तुलना तपासून पाहणे अवश्य आहे. कारण तीत वास्तूचे खरे यश झाकले जाते आणि उष्णताजालाचे खरे स्वरूपही.

बोरी नदीवरील ज्या बंधाऱ्याने मुख्य किल्ला रणमंडळाशी जोडला आहे, त्याच्या पोटातच हा महाल आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, मीर इमादीन याने तो उभारला. पावसाळ्यात 'नर' व 'मादी' हे धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि आतील मनुष्य कोरडा राहून समोरचा जलपट न्याहाळू शकतो. 'किताब-इ-नवरस' रचणाऱ्या सुलतानाच्या अभिरुचीला हे साजेसेच होते. दृष्टी आणि श्रुती यांच्या सुखासाठी झालेली ही योजना आहे. गारवा हे तिचे अनुषंगिक फळ. शिवाय ऋतूचा विचार केला तर प्रशंसकांची अडचण उघड होते. या भागात उन्हाचा पारा चाळिशीपलीकडे जातो तो एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हा जाड दगडी भिंतींचा थंडावा काय तो उरतो, धबधबे नसतात. आणि जो गारवा आहे तो दालनाचा उंबरा ओलांडत नाही.

उष्णताजालाचा प्राण मात्र वाटपात आहे. एका केंद्रात पाणी तापवावे वा थंड करावे, भूमिगत नळांनी ते घरोघर फिरवावे आणि उष्णता देऊन वा घेऊन झाल्यावर परतीच्या नळाने केंद्रात आणावे, अशी त्याची रीत. डेन्मार्कमध्ये १९७९ च्या उष्णतापुरवठा कायद्याने ही आखणी नगरपालिकांकडे सोपविली. आज तेथील सुमारे दोन-तृतीयांश घरे अशा नळांवर ऊब घेतात, आणि वीजकेंद्रांची एरवी वाया जाणारी उष्णता त्यांत उपयोगी पडते. पाण्याच्या साठ्याशी साम्यच शोधावयाचे तर टोरांटो नगराकडे पाहावे. २००४ पासून तेथे ओंटारिओ सरोवराच्या तळाचे सुमारे ४ अंशांचे पाणी नगराच्या मध्यभागातील इमारती थंड करते. धातूच्या पत्र्यांआडून ते इमारतींतून परतलेल्या पाण्याची उष्णता घेते आणि मग पिण्याच्या नळांत जाते.

बोरीच्या पाण्याला ही थंडी नाही. या पट्ट्यात जमिनीखाली काही मीटरवर तापमान २७ अंशांच्या आसपास असते. त्याने खोली थेट थंड होणार नाही. तथापि शीतयंत्राने आपली उष्णता ४२ अंशांच्या हवेत लोटण्याऐवजी २७ अंशांच्या भूमीत वा पाण्यात सोडली, तर तेच काम पुष्कळ कमी विजेत होते. आज प्रत्येक घराचे यंत्र आपली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीकडे फेकते, हे तर कोणत्याही गल्लीत अनुभवास येते.

दख्खनमध्ये वाटपाचा पूर्वज हवाच असेल तर तो नळदुर्गला नव्हे, खडकीला सापडतो. पाणीमहालाच्याच दशकात मलिक अंबराने तेथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी काढली. भूगर्भातील पाणी बंदिस्त नहरींतून आणून ते नगरातील हौदांपर्यंत पोहोचविले. उगम एक आणि उपभोग अनेकांचा, हे उष्णताजालाचे पहिले लक्षण तेथे पूर्ण दिसते. दुसरे लक्षण तेथे नाही. नहरीचे पाणी वापरले की संपले. उष्णताजालात पाणी हा केवळ वाहक असतो. मोल त्याने आणलेल्या ऊब-गारव्याचे होते. म्हणून प्रत्येक जोडणीपाशी येणाऱ्या व परतणाऱ्या पाण्याच्या तापमानांतील फरक मोजावा लागतो, आणि एखाद्याने परतीचे पाणी बिघडविले तर त्याचा भुर्दंड साऱ्या जाळ्यावर पडतो.